पुस्तकातला मंगळ आणि पत्रिकेतला मंगळ

मित्रहो, आज सकाळी जानेफळला माझ्या पुतणीला पाहायला पाहुणे आले होते. ती मुलांसाठी मंगळावरच्या जीवांच्या गोष्टी लिहिते. मुलाच्या मामांनी तिचे पुस्तक चाळून कौतुक केले आणि लगेच म्हणाले, "पत्रिकेत मंगळ हाय. आधी कुंभविवाह करा, मंग तारीख काढू."

पुतणी शांतपणे म्हणाली, "मामा, मडक्यासंगं लग्न लावून मी पोरांले मंगळाच्या गोष्टी कोन्या तोंडानं सांगू?"

"गोष्टी येगळ्या, संसार येगळा, बाई."

मग मी थेट मुलाचे मत विचारले. तो खाली पाहत म्हणाला, "मामा म्हणतील तसं."

"मंग संसारही मामालेच करू द्या," म्हणून ती आत गेली.

पाहुणे चहा न घेता उठले. मी मुलाला विचारायला नको होते, असे माझ्या भावाचे मत आहे. तो माझ्याशी बोलत नाही.

मंगळावर जीव आहेत हे सिद्ध नाही. मंगळ संसार मोडतो हेही नाही. पहिले तिने कल्पना म्हणून मांडले, दुसरे मामांनी सत्य म्हणून. आपल्यापैकी किती जण पहिले मुलांच्या हाती देतात आणि दुसरे घरात पाळतात?