मामा आत, मांजर बाहेर

आमच्या शेजारच्या बिऱ्हाडातल्या बाई चौथीला वाचन शिकवतात, आणि सतरा वर्षांच्या नोकरीत त्यांनी स्वतःचं एकही वाक्य वेळेवर संपवलेलं नाही. ही निंदा नव्हे. निंदाच करायची असती तर मी त्यांच्या नणंदेपासून सुरुवात केली असती.

बाई जिन्यात भेटल्या की "थोडक्यात सांगायचं तर" असं म्हणतात आणि हातातली पिशवी पायरीवर ठेवतात. पिशवी खाली टेकली की ऐकणाऱ्यानंही टेकावं, एवढा शहाणपणा आमच्या इमारतीत सगळ्यांना आला आहे. एकदा आमच्या हिनं त्यांना "मीठ आहे का हो जरा?" एवढंच विचारलं. बाईंनी थोडक्यात सांगितलं की मिठाची बरणी धाकट्या मावशीनं दिलेली, मावशीचं लग्न मोडता मोडता कसं राहिलं, आणि बरणीचं झाकण कुणाच्या हातून पडलं. झाकण नणंदेच्या हातून पडलं होतं. मीठ होतं की नव्हतं, ते आजतागायत कळलेलं नाही. त्या दिवशी आम्ही अळणी जेवलो.

अशा बाईंचा नवरा पेंटर. चित्रं काढणारा नव्हे, दुकानांच्या पाट्या रंगवणारा. जिन्याखालच्या खोलीत त्याचं काम चालतं. दिवसाला चाळीस शब्द रंगवतो आणि चार बोलतो. लग्न ठरताना "मुलगी पसंत आहे का?" या प्रश्नाला त्यानं "हो" असं उत्तर दिलं, आणि त्यानंतर साखरपुड्यापर्यंत बोलायची वेळच आली नाही, असं त्याचा मेहुणा सांगतो. संसार मात्र छान चाललाय. एकानं बोलायचं आणि एकानं ब्रश धुवायचे.

तर चौथीच्या वाचनाच्या पेपरात एक प्रश्न असतो. उतारा वाचायचा, त्याचा मुख्य मुद्दा एका वाक्यात लिहायचा आणि मुद्द्याला आधार देणारे दोन तपशील द्यायचे. बाईंच्या वर्गाचं घोडं इथेच अडायचं. "मुद्दा काय?" म्हटलं की पोरं अख्खा उतारा पुन्हा लिहून काढायची, वर पुरवणी मागायची. कुणाच्या तालमीत तयार झाली होती, हे मी सांगायला नको.

मग बाई शिक्षकांच्या एका प्रशिक्षणाला गेल्या. तिथे कुणीतरी सांगितलं की मुख्य मुद्दा बहुधा पहिल्या वाक्यात असतो. बाई परत आल्या तेव्हा "बहुधा" हा शब्द बसमध्ये राहिला होता. दुसऱ्या दिवशी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लागलं: मुद्दा पहिल्या वाक्यात, तपशील दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्यात. पोरांना हा नियम फार आवडला. वाचायची कटकटच मिटली.

सहामाहीला उतारा आला एका शिंप्याचा. शिंप्याची कात्री हरवते, तो शेजाऱ्यावर आळ घेतो, बोलाचाली होते, आणि शेवटी कात्री त्याच्याच मांडीवरच्या कापडाखाली सापडते. एकतीस मुलांनी मुख्य मुद्दा लिहिला: "एका गावात एक शिंपी राहत होता." तपशील लिहिले: "त्याच्याकडे एक कात्री होती. ती फार धारदार होती." एकतीसच्या एकतीस पेपरांत तेच, काना-मात्रेचाही फरक नाही.

पेपर तपासणीला वरच्या कार्यालयात गेले आणि तिथून साहेबच खाली आले. साहेब म्हणजे तपासनीस, डोळ्यांवर एक चष्मा आणि कपाळावर एक. त्यांनी हेडसरांच्या खोलीत बाईंना समोर बसवलं आणि विचारलं, "बाई, मुलांना उत्तर तुम्ही सांगितलंत का?"

या प्रश्नाचं उत्तर "नाही" असं आहे. दोन अक्षरं. बाई म्हणाल्या, "थोडक्यात सांगायचं तर साहेब," आणि पर्स जमिनीवर ठेवली. पुढली चाळीस मिनिटं बस, प्रशिक्षणातला डबा, शेजारी बसलेल्या शिक्षिकेची गुडघेदुखी, आणि त्या गुडघ्यावर नणंदेनं सुचवलेलं तेल. हेडसरांनी दोनदा घड्याळाला किल्ली दिली. साहेबांनी वहीत लिहिलं: "बाईंनी समाधानकारक उत्तर दिले नाही. सामूहिक कॉपीचा संशय." आणि जाताना बजावलं, "पंधरा दिवसांनी मी स्वतः उतारा घेऊन येतो. पुन्हा तोच प्रकार दिसला तर वर्ग काढून घेऊ. पुस्तकांच्या गोदामात एक जागा रिकामी आहे."

गोदाम मी पाहिलेलं आहे. छतापर्यंत गठ्ठे आणि बोलायला माणूस नाही. गठ्ठे बांधणारा एक आहे, तोही कानानं अधू. बाईंना फाशी दिली असती तरी त्या फाशी देणाऱ्याशी दोन शब्द बोलल्या असत्या, पण गोदाम!

त्या संध्याकाळी बाई थेट नवऱ्याच्या खोलीत जाऊन रंगाच्या डब्यावर बसल्या. मी तिथेच होतो. सहज गेलो होतो. एका ब्रशबद्दल विचारायचं होतं. ब्रश मला नकोच होता, पण ते असो.

"अहो, माझा वर्ग जाणार," बाई म्हणाल्या आणि रडू लागल्या. पेंटरनं ब्रश खाली ठेवला. तो काही बोलणार, इतक्यात दारात गिऱ्हाईक आलं. छत्र्या दुरुस्त करणारा, नवीन टपरी टाकलेली.

"पाटी करायचीय," तो म्हणाला. "म्हणजे कसं, हे काम मला मामानं शिकवलं. मामाचा हात असा की मोडलेली काडी परत मोडायची नाही. कापडाला दुहेरी शिवण घालायचा. मी त्याच्याकडे बारा वर्षं होतो. मामाची एक मांजर होती, एकच डोळा होता तिला, पण काय सांगू तुम्हाला, उंदीर..."

"पाटी केवढी?" पेंटर म्हणाला.

त्यानं दोन्ही हात पसरले, मग जरा जवळ आणले. "दीड हात."

"मग 'छत्र्या दुरुस्त होतील.'"

"आणि मामा?"

"मामा आत. गिऱ्हाईक दुकानात आलं की सांगा. बारा वर्षं सांगा, दुहेरी शिवण सांगा. पाटी खरी आहे हे त्यानं पटतं."

"आणि मांजर?"

"मांजर बाहेर."

एका दमात एवढं बोलल्यामुळे पेंटरला पाणी प्यावं लागलं. बाईंचं रडणं थांबलं होतं. त्या डब्यावरून उठल्या, छत्रीवाल्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, आणि काहीही न बोलता जिना चढून गेल्या. मी घाबरून हिला सांगायला पळालो.

दुसऱ्या दिवशी फळ्यावरचा नियम पुसला गेला. पेंटरनं पुठ्ठ्याचे एकतीस तुकडे कापून दिले, वीतभर लांब आणि तीन बोटं रुंद. बाईंनी वर्गाला सांगितलं, "प्रत्येक गोष्ट म्हणजे एक दुकान. आधी आत जाऊन सगळं दुकान बघायचं, शेवटच्या फळीपर्यंत. मग बाहेर येऊन पाटी लिहायची. जे पाटी खरी आहे असं पटवतं, तो मामा. त्याला आत ठेवायचं. जे असलं काय नि नसलं काय, ती मांजर."

पहिल्या दिवशी पोरांनी पाटीवर "दुकान" असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी एकानं अक्षरं इतकी बारीक काढली की पाटीवर अख्खा उतारा बसला; बाईंनी ती पाटी वर्गाच्या टोकाला उभी केली आणि म्हणाल्या, "आता रस्त्यावरून वाच." चौथ्या दिवशी शिंप्याचा उतारा पुन्हा काढला. "शिंपी राहतो" ही पाटी एकमतानं खाली उतरवली. मग पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली. किरकोळ अंगाची, बोलली की टोचणारी. वर्गात तिला टाचणी म्हणतात. तिनं पाटी वर धरली: "आधी स्वतःची मांडी बघा."

"आणि मामा कोण?" बाईंनी विचारलं.

"कात्री कापडाखाली सापडली, तो एक मामा. शेजाऱ्यावर उगाच आळ घेतला, तो दुसरा."

"कात्री धारदार होती ते?"

"मांजर!" सगळा वर्ग ओरडला.

आठवड्याभरात शेजारच्या वर्गांना ऐकू जायचं: "मामा आत! मांजर बाहेर!" हेडसरांनी शिपायाला दोनदा मांजर शोधायला पाठवलं.

आणि मग ते घडलं. बाई नदीवरचा उतारा समजावत होत्या. नदीवरून पूल आला, पुलावरून त्यांच्या माहेरचा पूल, आणि त्या पुलावर नणंद रुसून बसली होती तो प्रसंग. टाचणीनं हात वर केला.

"बाई, ही मांजर आहे ना?"

बाईंचं तोंड उघडंच राहिलं. सतरा वर्षांत त्यांचं वाक्य कुणी मधे तोडलं नव्हतं. हेडसरांनी प्रयत्न केले होते, पण त्यांचा आवाज बारीक. बाई खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "हो. मांजरच." त्या दिवशी तास दहा मिनिटं आधी संपला. पोरांना काय करावं सुचेना.

पंधराव्या दिवशी साहेब हेडसरांना घेऊन थेट वर्गात आले. उतारा बंद पाकिटातून काढला. तिसऱ्या मजल्यावरची एक म्हातारी दाराबाहेर लाकडी खुर्ची ठेवते. लोक हसतात, म्हणतात अडगळ आहे. खुर्चीचा एक पाय हिरवा असतो. पण जिना चढून दमलेला पोस्टमन तिच्यावर टेकतो, पाचव्या मजल्यावरचे आजारी गृहस्थ टेकतात, आणि म्हातारी कुणालाही उठवत नाही.

साहेबांनी तिथेच बसून पेपर तपासायला घेतले. उत्तरपत्रिकेच्या नमुन्यात लिहिलं होतं: "इतरांच्या सोयीचा विचार करावा." पहिल्या पेपरात होतं, "येथे दम खाऊन मिळेल." दुसऱ्यात, "बसा, मग चढा." तिसऱ्यात, "आजी दमलेल्यांना जागा देते." चौथ्यात, "अडगळ नाही, सोय आहे." हिरवा पाय मात्र कुठेच नव्हता. पोस्टमन एकतीस ठिकाणी होता.

साहेबांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून कपाळावरचा खाली घेतला. "मागच्या वेळी सगळ्यांची उत्तरं सारखी, म्हणून कॉपी," ते म्हणाले. "या वेळी एकाचंही दुसऱ्याशी जुळत नाही. मग बरोबर कुणाचं?"

हेडसरांनी घाम पुसला. साहेब बाईंकडे वळले. "बाई, मी पुन्हा एकदा विचारतो. मागच्या वेळी मुलांना उत्तर तुम्ही सांगितलंत का?"

बाईंनी पर्स जमिनीवर ठेवली. हेडसरांनी डोळे मिटले.

"थोडक्यात सांगायचं तर, साहेब," बाई म्हणाल्या, "मी त्या प्रशिक्षणाला निघाले तेव्हा बस..."

पहिल्या बाकावरून आवाज आला. मोठा नाही, टोचेल एवढाच. "बाई, पाटी केवढी?"

बाई थांबल्या. वाकून पर्स उचलली. "नाही, साहेब," त्या म्हणाल्या. "उत्तर सांगितलं नव्हतं. चुकीचं शिकवलं होतं."

वर्गात इतकी शांतता झाली की हेडसरांनी डोळे उघडले.

"एवढंच?" साहेब म्हणाले.

"एवढंच."

साहेबांनी एकतीस पेपर परत वाचले, या वेळी सावकाश. "येथे दम खाऊन मिळेल" पाशी ते हसले, पण खोकल्यासारखे. मग अहवालाचा कागद काढून शेऱ्याच्या चौकटीत लिहायला लागले: "सदर वर्गाच्या पूर्वीच्या व प्रस्तुत कामगिरीचा तौलनिक विचार करता असे निदर्शनास..." आणि चौकट संपली. त्यांनी तो कागद चुरगाळून दुसरा घेतला. टाचणीनं मान उंचावून चौकट बघितली आणि दोन बोटांनी हवेत माप दाखवलं. साहेबांनी तिच्याकडे बघितलं, मग चौकटीकडे, आणि लिहिलं: "कॉपी नाही. वर्ग बाईंकडेच."

हे सगळं मला कसं कळलं म्हणाल, तर आमच्या दोन घरांत भिंत एकच आहे आणि ती पातळ आहे.

संध्याकाळी बाई घरी आल्या. पेंटर दार लावून आत आला. "काय झालं?"

"कॉपी नाही. वर्ग माझाच."

मग काहीच ऐकू येईना. एक मिनिट, दोन मिनिटं. मला काळजी वाटायला लागली. शेवटी पेंटरचा आवाज आला, जरा घाबरलेला.

"अगं, पाटी वाचली. दुकान उघड की."

पर्स जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. "थोडक्यात सांगायचं तर," बाई म्हणाल्या, "सकाळी निघाले तेव्हा चपलेचा अंगठाच तुटला, आणि ती चप्पल म्हणजे तुमच्या बहिणीनं..."

मी हिला जेवण झाकून ठेवायला सांगितलं आणि खुर्ची भिंतीजवळ ओढली.