चोवीस तास चालणारी डिस्क

बाबांची जुनी हार्डडिस्क गेल्या गणपतीत टक् टक् वाजायला लागली. बाबा जाऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं. आमच्या आळीतलं एकही लग्न त्यांनी व्हिडिओ कॅमेऱ्याशिवाय पाहिलं नाही. कॅमेरा कायम त्यांच्याच हातात, म्हणून ते स्वतः कुठल्याच चित्रात नाहीत. आहे तो फक्त आवाज. "अगं, हस की जरा!", "नवरदेवाला घाम तरी पुसू द्या रे!" असं मागून त्यांचं चालू असायचं. तो आवाज त्या एका डिस्कवर होता, बाकी कुठेही नाही.

मी त्याच दिवशी फर्मान काढलं की या डिस्कला कुणी हात लावायचा नाही. एक पेटी घ्यायची, तिच्यात दोन डिस्क बसवायच्या. जे एकीवर लिहिलं जाईल तेच दुसरीवर. एक मेली तरी दुसरी शाबूत. पेटी घरच्या वायफायला जोडली की झालं. पेटी लगेच ठरली. डिस्क कुठली, यावरून मात्र बोळिंजच्या आमच्या फ्लॅटमध्ये महाभारत झालं.

नवरा सातिवलीच्या एका कारखान्यात मशीनींची देखभाल बघतो, त्यामुळे जगातल्या कुठल्याही फिरणाऱ्या वस्तूवर शेवटचा शब्द त्याचा. "फिरतं ते झिजतं," तो म्हणाला. "एसएसडी घे. आत काही फिरतच नाही. वेग बघ, आवाज नाही, पडली तरी फिकीर नाही." मी म्हटलं, कपाटावर बसलेली पेटी पडते कशाला? आणि वेग घेऊन काय करू, लग्नं भराभर लावायचीत का? शिवाय एसएसडी जाते तेव्हा बरेचदा न सांगता जाते. फिरणारी निदान मरायच्या आधी कुरकुरते. बाबांची कुरकुरली म्हणून तर कळलं.

गोखिवऱ्याच्या दुकानदाराचं तिसरंच. "मॅडम, सीसीटीव्हीवाली घेऊन जा. सगळ्या सोसायट्यांना मीच देतो. चोवीस तास चालते, टेन्शनच नाही." मी जवळजवळ घेतलीच होती. घरी येऊन वाचलं तर कळलं, ती सतत लिहीत राहण्यासाठी बनवलेली असते. मध्येच एखादा तुकडा नीट उतरला नाही तर ती अडून बसत नाही, सोडून पुढे जाते. जिन्यावरच्या चोराला ते ठीक आहे. बाबांच्या बोलण्यातला एक शब्दही गळालेला मला चालणार नव्हता.

राहिली साधी कम्प्युटरची. ती स्वस्त, पण दिवसरात्र चालणं तिच्या अंगवळणी नसतं. त्यातही काहींमध्ये लिहिण्याच्या ओळी कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची चार उचला. तेवढ्यात जोडीदारीण पुढे निघून जाते आणि पेटीला वाटतं, ही मेलीच. शेवटी खास अशा पेट्यांसाठीच बनवलेल्या घेतल्या. ओळी सुट्या, शेजारणीच्या थरथरीने न बिथरणाऱ्या, चोवीस तास चालणाऱ्या. दोन्ही वेगवेगळ्या दुकानांतून आणल्या, कारण एकाच खोक्यातल्या जुळ्या एकदमच आजारी पडतात असं जो तो सांगत होता.

"लग्नाला मुलगा बघताना एवढी चौकशी केली होतीस का?" नवऱ्याने विचारलं.

"केली असती तर तू इथे असतास का?"

टक् टक् करत का होईना, बाबांच्या डिस्कवरचं सगळं नव्या पेटीत उतरलं. मी देवापुढे साखर ठेवली.

पण थोड्याच दिवसांत पेटी बोंबलायला लागली. एक डिस्क जोडीतून बाहेर पडली. पुन्हा जुळवली, पुन्हा पडली. पेटीचं म्हणणं, मला नीट बंद न करता वीज तोडली. मी दुकानदाराशी भांडले, नवऱ्याला बोलले, लाईटवाल्यांना शिव्या घातल्या. आमच्याकडे लाईट जाते, हे कुठल्याही पापाचं खापर फोडायला बरं असतं.

बाबा गेल्यापासून आई आमच्याकडे राहते. आठवड्यातून दोन-तीनदा रिक्षाने आमच्या वाडीत जाते, केळी बघते, विहिरीचा पंप बघते, ओटीभर फुलं घेऊन येते. एके दिवशी मी ऑफिसला गेले असं तिला वाटलं. मी न्हाणीतून बाहेर येते तर ही चपला घालून हॉलमध्ये उभी, हात भिंतीवरच्या बोर्डावर. टीव्ही, वायफाय, पेटी, खटाखट सगळी बटणं बंद.

"आई! काय करतेस हे?"

"घर बंद करून निघाले. बटणं बंद नको करायला? आल्यावर लावतेच की पुन्हा."

"ती पेटी बंद करायची नसते! चोवीस तास चालू हवी ती!"

"घरात माणूस नाही नि चोवीस तास कोणासाठी चालायची? वाडीत कधी पंप चालू टाकून निघालो का आपण? तुमचं ते मेलं इंटरनेट, घटकाभर नसलं तर जीव जातो का?"

माझा तोल गेला. "त्यात बाबा आहेत!" मी ओरडले.

आई चपलांसकट सोफ्यावर बसली. "म्हणजे?"

घरात एवढी भांडणं झाली, पण पेटीत काय ठेवलंय ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सगळं नीट लागू दे, लग्नं नावानिशी लावून होऊ देत, मग आईला दाखवू, असं माझ्या मनात होतं. मी बटण चालू केलं. पेटी जागी व्हायला वेळ लागला. मग जे हाताला लागलं ते टीव्हीवर लावलं. कुणाची तरी हळद होती, बायकांची झुंबड होती, आणि मागून बाबा म्हणाले, "अगं, सरका जरा, हिचं तोंड दिसू दे."

आई टीव्हीकडे बघतच नव्हती. तिने डोळे मिटून घेतले होते.

"पुन्हा लाव," ती म्हणाली.

मी लावलं. ती पुन्हा म्हणाली, पुन्हा लावलं. मग तिने पदराने नाक पुसलं.

"फोटो आहे, म्हणून चेहरा आठवतो गं. आवाज आठवेनासाच झाला होता. निजले की आठवून बघायचे, तर दुसऱ्याच कुणाचा तरी यायचा. एवढा संसार केला आणि नवऱ्याचा आवाज विसरले, हे सांगू तरी कोणाला?"