ब्रदरची मोजणी

एक, दोन आणि चार नंबरचे सिलिंडर शहाण्या मुलांसारखे चालत होते. तिसरा मात्र ढिम्म. इंजिन सुरू केलं की सगळी गाडी अंगात हीव भरल्यासारखी हादरायची, मागून फटफट व्हायचं आणि ब्रदरच्या तळपायाची आग मस्तकात जायची. आठ महिने हाच खेळ चालला होता.

ब्रदर म्हणजे कुणाचा भाऊ नव्हे. इस्पितळात पुरुष नर्सला ब्रदर म्हणतात, आणि हा गृहस्थ तेहतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये उभा राहिलेला, म्हणून ते नाव निवृत्तीनंतरही चिकटलं ते चिकटलंच. काम काय, तर सर्जनच्या हातात हत्यारं द्यायची आणि मोजायचं. सुरुवातीला गॉजचे तुकडे किती, सुया किती, चिमटे किती; पोट शिवण्याआधी पुन्हा तेवढेच भरले पाहिजेत. ब्रदरने ‘मोजणी बरोबर’ म्हटल्याशिवाय मोठ्यातला मोठा सर्जनही टाका घालायचा नाही. त्या दोन शब्दांवर ब्रदर तेहतीस वर्षं ताठ मानेने जगला.

शेवटच्या वर्षी एकदा गॉज एक कमी भरला. पेशंट टेबलावर उघडा, आणि चाळीस मिनिटं शोधाशोध. एक्स-रे काढला, बादल्या उपड्या केल्या. शेवटी कळलं की हरवलं काहीच नव्हतं. पाकिटात मुळात नऊच तुकडे होते आणि ब्रदरने न मोजता सवयीने फळ्यावर दहा लिहिले होते. पेशंट खडखडीत बरा झाला. ब्रदरला कुणी एका शब्दाने बोललं नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून त्याच्यामागून एक नवी नर्स तेच सगळं पुन्हा मोजायला लागली. कुणी ओरडलं असतं तर परवडलं असतं.

तीन महिन्यांनी तो निवृत्त झाला आणि महिनाभरात ही लाल, दोन सीटची जुनी स्पोर्ट्स कार ट्रकमागे बांधून घरी घेऊन आला. इंजिन जाम झालेलं. लोकांना वाटलं, उतारवयात शौक सुचला. शौक कसला डोंबलाचा! त्याला एक शरीर उघडायचं होतं, मोजून बंद करायचं होतं आणि ते चालतं झालेलं बघायचं होतं. चाललं नाही, तर त्या नव्या नर्सला मागे उभं केलं ते योग्यच होतं, असा त्याने स्वतःशी हिशेब मांडला होता.

घरामागच्या शेडमध्ये त्याने थिएटरच उभं केलं. भिंतीवर पाटी, ट्रेमध्ये ओळीने नट पिळायचे पाने, प्रत्येक बोल्टला चिठ्ठी. शेडच्या मागच्या दाराबाहेर कपडे वाळत घालायची दोरी होती, त्यामुळे बायकोला दिवसातून दोनदा तिथून जावं लागायचं. पहिल्याच आठवड्यात तिने वाटेतला एक बोल्ट उचलून फळीवर ठेवला. ब्रदर असा कडाडला की शेजारच्या खिडक्या उघडल्या. “इथल्या कशालाही हात लावायचा नाही! समजलं?” तिला समजलं. तेव्हापासून ती ओल्या कपड्यांची बादली छातीशी धरून, अंग चोरून जायची.

उघड्या इंजिनात धूळ जाऊ नये म्हणून ब्रदरने भोकांत चिंध्या कोंबल्या. हवा आणि पेट्रोल आत नेणारा मॅनिफोल्ड, म्हणजे चार वाकड्या नळ्यांचा जोड, फळीवर काढून ठेवला होता. त्याच्या चार तोंडांत चार चिंध्या आणि तेलाच्या भोकात एक. पाटीवर लिहिलं: चिंध्या ५. इंजिन पुन्हा जोडून बंद करताना चार चिंध्या जागेवरून निघाल्या, पाचवी ट्रेमध्ये सापडली. पाच म्हणजे पाच. तो रिकाम्या शेडमध्ये मोठ्याने म्हणाला, “मोजणी बरोबर.”

आणि तिसरा सिलिंडर चालेना.

गेज लावला तर तिसऱ्यात दाब अर्धासुद्धा नाही. प्लग काढला तर कोरडा ठणठणीत. ब्रदरने हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उतरवलं, व्हॉल्व्ह घासून बसवले, पिस्टनच्या रिंगा बदलल्या, नवं गॅस्केट टाकलं. तेच. कार्ब्युरेटर तीनदा खोलून धुतला. तेच. गाडी विकणाऱ्याला फोन करून चोर म्हणाला, गॅस्केटच्या दुकानदारावर खापर फोडलं, गॅरेजवाल्या तीन मिस्त्र्यांना विचारलं आणि तिघांनी तीन रोग सांगितले. बायकोचा भाऊ रोज संध्याकाळी येऊन उपड्या बादलीवर बसायचा. आयुष्यभर विमा कंपनीत कारकुनी केलेला हा माणूस छातीठोकपणे सांगायचा, “भाऊजी, ब्लॉकच गेलाय. माझं ऐका, भंगारात द्या.”

“तुलाच देतो आधी,” ब्रदर म्हणायचा.

पण आतून तो खचत चालला होता.  जेवताना बायकोने मीठ पुढे केलं तरी खेकसायचा. त्याला आतल्या आत एकच ऐकू यायचं: ती नवी नर्स हळू आवाजात, त्याच्यामागून, एक, दोन, तीन.

शेवटी त्याने ठरवलं, आणखी एकदा खोलायचं. नाही जमलं तर सोमवारी भंगारवाल्याला बोलवायचं. शनिवारी सकाळी त्याने मॅनिफोल्ड काढून फळीवर ठेवला, हेड तिसऱ्यांदा उतरवलं, आणि तिसऱ्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हच्या दांडीला एक धागा चिकटलेला दिसला. पिवळा. इतका बारीक, की ज्याने तेहतीस वर्षं जखमांतून गॉजचे धागे वेचले त्यालाच दिसावा. त्याच्या सगळ्या चिंध्या पांढऱ्या बनियनच्या होत्या.

त्याने लांब चिमटा घेतला, मॅनिफोल्डच्या तिसऱ्या नळीत वळणापलीकडे घातला आणि हलकेच ओढला. आतून पेट्रोलने भिजलेला फ्लॅनेलचा बोळा आला. उलगडून बघतो तर पिवळ्यावर निळी बदकं. लेकीच्या लहानपणीच्या दुपट्याचा तुकडा.

ब्रदर तरातरा स्वयंपाकघरात गेला आणि बोळा टेबलावर आपटला. “हे काय आहे?”

बायकोने बोळा उचलून पाहिला. “तुमची चिंधी खाली पडली होती त्या नळीतली. तेलकट, माती लागलेली. म्हटलं, धुऊन वाळवून ठेवावी. तोवर धूळ जायला नको म्हणून हा घातला. पुन्हा पडू नये म्हणून चांगला आत सारला. मऊ आहे ना, ओरखडा पडला नसता.”

“आणि माझी चिंधी?”

“वाळल्यावर ट्रेमध्ये ठेवली.”

पाचवी. तीच धरून ब्रदरने ‘मोजणी बरोबर’ म्हटलं होतं. “आठ महिने! आठ महिने मी डोकं आपटतोय, आणि तू तोंडातून ब्र काढला नाहीस?”

“हात लावायचा नाही म्हणाला होतात. मी लावला होता. घाबरले.” ती खुर्चीवर बसली. “आणि मला काय माहीत हा आतच राहिला? बंद करताना काढलाच असेल, असं धरून चालले. तुम्ही मोजता ना सगळं.”

ब्रदर समोरच्या खुर्चीवर टेकला. त्याने जगभर चौकशी केली होती. जी बाई रोज दोनदा त्या इंजिनाशेजारून जात होती, तिला एका शब्दाने विचारलं नव्हतं. आणि तिचा त्याच्या मोजणीवर त्याच्याहून जास्त विश्वास होता. त्याला लाज वाटली, खरी, कानापर्यंत चढणारी.

रविवारी दुपारी हेड बसलं. मॅनिफोल्ड बसवण्याआधी त्याने सगळ्या चिंध्या ट्रेमध्ये मांडल्या, प्रत्येक नळीत तार घालून पाहिली आणि दारात जाऊन हाक मारली. “अगं, जरा ये. माझं मोजून झालंय. आता तू मोज.”

“मी?”

“माझ्यामागून एकाने मोजावं लागतं.” हे तो आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला.

तिने चष्मा लावून बोट ठेवत मोजलं. पाच पांढऱ्या, एक पिवळी. “सहा. बरोबर.”

किल्ली फिरवल्यावर इंजिन दोनदा खोकलं, निळा धूर सोडला आणि मग चारही सिलिंडर एका सुरात चालायला लागले. ब्रदरने बॉनेटवर हात ठेवला. मग म्हणाला, “यापुढे कशाला हात लावलास, तर पाटीवर लिहीत जा.”

“लिहीन की. पण खडूलाही हात लावायचा नव्हता ना?”

ब्रदरने खिशातला खडू काढून तिच्या हातात दिला.