निर्जळी एकादशी आणि माठातलं पाणी

गळ्याचं ऑपरेशन होऊन महिना उलटला, तरी दापोडीच्या आमच्या खोलीचा जिना चढताना मला दोनदा बसावं लागे. वर्षानुवर्षं मुतखड्यांनी छळलं होतं. शेवटी पुण्याच्या डॉक्टरांना मानेत वाढलेली गाठ सापडली. तिच्यामुळे हाडांतला चुना रक्तात उतरून मूत्रपिंडात साचत होता. ती काढल्यावर ते म्हणाले, "नवे खडे आता होऊ नयेत. पण मूत्रपिंडाचं जे गेलं, ते परत येईलच असं नाही. उरलंय ते सांभाळा, पाणी भरपूर प्या." मी मान डोलावली खरी, पण ऑपरेशनच्या टेबलावर झोपताना विठोबाला बोलून बसले होते, की जगले तर ज्येष्ठातली एकादशी निर्जळी करून देहूरोडपासून देहूला चालत येईन. दैव देतं आणि कर्म नेतं, ते असं.

एकादशीच्या सकाळी मालक पिंपरीच्या नव्या कारखान्यात कामावर गेले. कुणाला न सांगता मी गाडीनं देहूरोडला उतरले आणि चालू लागले. खरं सांगते, भक्ती थोडी होती आणि भीती फार. नवस चुकला तर देव उरलेलंही काढून घेईल, असं वाटे. ऊन रणरणत होतं. सकाळपासून लघवी झाली नव्हती. वाटेत बोटं वाकडी झाली, पाय आखडले, आणि सायकल दुरुस्तीच्या एका छपराखाली मी मटकन बसले.

तिथले म्हातारे चाचा माठातलं पाणी घेऊन आले. "उपास आहे," मी म्हणाले. त्यांनी माझ्या गळ्यावरचा ताजा व्रण पाहिला.

"रोजा आमी बी धरतो, बहन. पर आजाऱ्याला माफी हाय. तुमच्या देवानं दिली न्हाई व्हय?"

मला रडूच कोसळलं. देवाला इतका कद्रू मीच ठरवला होता. दोन तांबे पाणी प्याले. त्यांच्या हातचं पाणी आमच्या घरी चाललं नसतं, हे तेव्हा आठवलंही नाही. त्यांनी देहूला निघालेल्या बैलगाडीत मला बसवून दिलं. देवापुढे उभी राहिले, पण काही मागावंसं वाटलं नाही.

पुढच्या आठवड्यात रक्त तपासलं. "मूत्रपिंडाचं काम सुधारलं नाही, पण घसरलंही नाही," डॉक्टर म्हणाले. मला तेवढं पुरे झालं.

थकवा अजून आहे, एकादशीही आहे. सकाळी तांब्या भरून देवापुढे ठेवते आणि दिवसभरात तो मीच पिऊन संपवते. तांब्या रिकामा झाला, की नवस फिटला असं समजते.