साहेबकाकांचं पुढचं वर्ष

"पुढच्या वर्षी कायमचा परत जाणार," हे वाक्य या भूतलावर सगळ्यात जास्त वेळा उच्चारणारा माणूस आमच्या शेजारी राहतो. टेक्सासमधल्या शुगर लँडमध्ये बसून असा दावा करणं म्हणजे धाडसच आहे, कारण आमच्या ओळखीतल्या प्रत्येक मराठी घरात हे वाक्य निदान दिवाळीत आणि भारतातून आल्यावरच्या पहिल्या आठवड्यात म्हटलं जातंच. पण आम्ही आपले हौशी. आमचे शेजारी हे वाक्य सत्तावीस वर्षं, न चुकता, दर जानेवारीत म्हणत आले, आणि ते मराठी नाहीत, अस्सल इंग्रज आहेत. यॉर्कशायरमधल्या एका लहानशा गावातले. समुद्रातल्या तेलविहिरींचे व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कंपनीने त्यांना फक्त दोन वर्षांसाठी टेक्सासला धाडलं होतं. कंपनी कधीच बंद पडली, हे निवृत्त झाले, पण ती दोन वर्षं काही संपेनात.

त्यांचं बारसं आमच्या सासूबाईंनी केलं. आम्ही या घरात राहायला आलो त्या वर्षी त्या साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. कुंपणापलीकडे एक उंच, लालबुंद, पांढऱ्या केसांचा माणूस भर ऑगस्टात लोकरीचं बिनबाह्यांचं जाकीट घालून झाडांना पाणी घालतोय हे पाहून त्या म्हणाल्या, "अगंबाई, साहेब!" झालं. माझी मुलगी ईशा तेव्हा चार वर्षांची होती, तिने त्याला आपलं 'काका' जोडून टाकलं. "साहेबकाका म्हणजे काय?" असं त्यांनी मला विचारलं, तेव्हा मी अर्थ सांगितला. ते म्हणाले, "माझ्या आजोबांना हे ऐकून फार संकोच वाटला असता." (त्यांचं इंग्रजी मी माझ्या मराठीत सांगते आहे. मूळ वाक्यात याशिवाय दोन वेळा 'सॉरी' होतं.)

आमची खरी मैत्री जमली ती बिस्किटामुळे. मी त्यांना चहाला बोलावलं आणि आलं, वेलची घालून खळखळून उकळलेला चहा पुढे ठेवला. त्यांनी एक घोट घेतला आणि "फारच वेगळा आहे" म्हणाले. ही इंग्रज माणसाची किंकाळी असते हे मला पुढे दोन वर्षांनी कळलं. पण तेवढ्यात समोर बसलेल्या सासूबाईंनी सवयीप्रमाणे बिस्किट चहात बुडवलं, आणि साहेबकाकांचा चेहरा असा काही उजळला की मला वाटलं यांना गावाकडचंच कोणी भेटलं. इतकी वर्षं अमेरिकेत काढून त्यांना बिस्किट चहात बुडवणारं माणूस भेटलं नव्हतं! मग दोघांनी एकमेकांची भाषा न येताही किती वेळ बुडवावं यावर तासभर चर्चा केली. शेवटी सासूबाईंचं बिस्किट तुटून तळाशी गेलं, तेव्हा दोघांच्या तोंडून एकाच वेळी जो 'च्च' निघाला, तो अगदी सारखा होता.

त्यानंतर आमचं घर हे त्यांच्या हक्काचं ठिकाण झालं, कारण आमच्याकडे त्यांना स्वतःचं भाषांतर करावं लागत नसे. "आज चाळीस डिग्री आहे" म्हटलं तर आम्ही कपाळावरचा घाम पुसायचो, बाकी सगळी गल्ली त्यांच्याकडे वेड्यासारखी बघायची, कारण इथल्या फॅरनहाइटच्या हिशोबात चाळीस म्हणजे स्वेटर घालायचा. हवामानावर बोलायची त्यांना विलक्षण हौस, आणि नशिबाने गाठ पडली ती शुगर लँडशी. काल उकाडा, आज उकाडा, उद्या उकाडा. बिचारे रोज सकाळी कुंपणापाशी येऊन आशेने आकाशाकडे बघायचे आणि "दमट आहे," म्हणून परत जायचे. ते रोज चार वाजता पायी फिरायलाही जात. आमच्याकडे माणसं पायी चालतात ती फक्त गाडी बंद पडली तर. त्यामुळे दर पाचव्या मिनिटाला एखादी दयाळू बाई गाडी थांबवून "तुम्ही ठीक आहात ना?" विचारायची, आणि हे प्रत्येकीची माफी मागून पुढे निघायचे.

मंडळाच्या गणपतीला आम्ही त्यांना पहिल्यांदा नेलं, तेव्हा जेवणाच्या रांगेत ते दीड तास उभे होते. पुढच्या प्रत्येक आजीला, मूल कडेवर असलेल्या प्रत्येक बाईला आणि "आम्ही जस्ट दोघंच आहोत हं काका" म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांच्या टोळक्याला त्यांनी पुढे जाऊ दिलं, आणि पानापर्यंत पोचले तेव्हा श्रीखंड संपलेलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढच्या वर्षी कार्यकारिणीने त्यांनाच रांगेवर नेमलं. जो मध्ये घुसेल त्याच्यापाशी जाऊन ते स्वतःच अत्यंत दुःखी चेहऱ्याने "सॉरी" म्हणायचे. बस, एवढंच. ओरडणाऱ्या स्वयंसेवकाशी आपली माणसं तासभर वाद घालतील, पण चूक आपण करायची आणि माफी या म्हाताऱ्या माणसाने मागायची, हे कुणालाच सोसेना. माणसं मान खाली घालून शेवटी जाऊन उभी राहायची. गेली नऊ वर्षं आमच्या मंडळाची रांग अख्ख्या टेक्सासात सगळ्यात सरळ आहे.

परत जायचंच असल्यामुळे साहेबकाकांनी इथे काहीही कायमचं केलं नाही. भिंतीला खिळा ठोकला नाही, सगळ्या तसबिरी जमिनीवर, भिंतीला टेकून. लग्न केलं नाही. "इथे करून काय उपयोग, परत जायचं होतं ना," असं ते अगदी सहज सांगत, आणि ऐकणाऱ्याने हसावं की नाही ते ठरवेपर्यंत हवामानाकडे वळत. झाडं मात्र खूप, पण झाडून सगळी कुंड्यांत, आणि प्रत्येक कुंडीला खाली चाकं. आमच्या वसाहतीच्या कमिटीचा नियम आहे की प्रत्येक घरापुढे एक मोठं झाड हवंच. साहेबकाकांच्या घरापुढचं झाड एका हिवाळ्यात गोठून मेलं. कमिटीची पत्रं सुरू झाली, तेव्हा त्यांनी ओकचं एक रोप आणून ते पिंपाएवढ्या कुंडीत लावलं आणि अंगणात मधोमध आणून ठेवलं. झाड हवं असं नियमात लिहिलंय, ते जमिनीत हवं असं कुठे लिहिलंय, असं सविनय उत्तर त्यांनी पाठवलं. हा पत्रव्यवहार आठ वर्षं चालला. दोन्ही बाजूंची पत्रं इतकी सभ्य होती की वाचून अंगावर काटा यावा.

आणि दर डिसेंबरात नाताळला तीन आठवडे ते घरी जात. घरी म्हणजे वडिलांच्या घरी, जिथे त्यांची थोरली बहीण राहायची. तिथे त्यांची खोली जशीच्या तशी ठेवलेली होती. त्या खोलीच्या जिवावर हे सत्तावीस वर्षं टेक्सासला होते असं म्हटलं तरी चालेल. निघायच्या आधीचा शनिवार आमच्या गॅरेजमध्ये साजरा व्हायचा, कारण आम्हीही बहुधा त्याच सुमारास माझ्या माहेरी नाशिकला निघालेलो असायचो आणि बॅगा तोलायचा आकडेवाला काटा आमच्याकडे होता. आमच्या बॅगेत बदाम आणि व्हिटॅमिनच्या बाटल्या, त्यांच्या बॅगेत बहिणीसाठी तिखट सॉस आणि व्हिटॅमिनच्या बाटल्या. येताना आमच्याकडे भाजणी, गोडा मसाला. त्यांच्याकडे चहा, बिस्किटं आणि काळं, आंबटगोड, चिकट असं एक लोणचं, ज्याला मी सूड म्हणून "फारच वेगळं आहे" म्हणाले होते. कपड्यांच्या घडीत बाटली कशी झोपवायची हे मी त्यांना शिकवलं, आणि बुटांमध्ये बिस्किटं कशी भरायची हे त्यांनी मला. "आई, ही इज लिटरली वेइंग बिस्किट्स!" ईशा कपाळाला हात लावायची.

गेल्याच्या गेल्या वर्षी ऑक्टोबरात ते कुंपणापाशी आले आणि आकाशाकडे न बघता म्हणाले, "बहीण घर विकते आहे." तिला जिने चढवत नव्हते, लेकीजवळ एक लहानसा फ्लॅट तिने घेतला होता. घर आधी तिने यांना देऊ केलं होतं. "मग?" मी विचारलं. "मग आता पुढचं वर्ष आलं म्हणायचं," ते म्हणाले. एवढ्या वर्षांत ते वाक्य मी कधी खरं धरलंच नव्हतं.

परतीची तारीख न ठरवताच त्यांनी तिकीट काढलं. घर पसंत पडलं की तिथेच राहायचं, आणि इथलं माझ्या नवऱ्याने आवरून विकायचं, असं ठरलं. मी पुरणपोळ्यांचं जेवण केलं. सासूबाईंनी साताऱ्याहून व्हिडिओवर "साहेब, जेवून जावा" असा आग्रह केला. ते चार पोळ्या जेवले आणि "वाईट नव्हतं" म्हणाले, म्हणजे त्यांना रडू येत होतं. ओकची कुंडी ढकलत त्यांनी आमच्या दारात आणून लावली. तोवर अकरावीत गेलेली ईशा, जिला माझ्याशी बोलायला वेळ नसतो, ती त्या कुंडीपाशी बसून हमसून हमसून रडली. आम्हाला तेव्हा कळलं की या माणसाच्या जाण्यावर आम्ही इतकी वर्षं नुसते हसत आलो होतो.

दोन आठवड्यांनी त्यांच्या बहिणीचा फोन आला. अडीअडचणीला म्हणून आमचा नंबर तिच्याकडे होता. "माझ्या भावाला तुम्ही काय करून ठेवलंय?" ऐंशीच्या घरातली बाई, पण आवाज असा ठणठणीत की मी उभीच राहिले. मग तिने पाढा वाचला. घर गार आहे म्हणून हा तक्रार करतो. पाण्यात बर्फ मागतो. रस्ता ओलांडताना उलटीकडे बघतो आणि बसवाल्याला "हाउडी" म्हणतो. गावात सगळे त्याला 'तो अमेरिकन' म्हणतात, आणि पाऊस पडायला लागला की, ज्या पावसासाठी हा माणूस सत्तावीस वर्षं झुरला त्याच पावसाकडे बघून म्हणतो, "आमच्याकडे असं नसतं." "आणि रोज रात्री जेवताना," ती म्हणाली, "तुमच्या कुठल्याशा देवाच्या जेवणाला तीनशे माणसं तो एकटा कशी रांगेत उभी करतो ते सांगतो. माझं पाठ झालंय." मी हसत होते. ती मात्र हळूच म्हणाली, "त्याला खोली दाखवली मी. पलंगावर बसला. म्हणाला, ही फार लहान आहे गं."

जानेवारीत आम्ही त्यांना आणायला विमानतळावर गेलो. घर परक्या माणसांना विकलं गेलं होतं. बॅग उचलून माझा नवरा चकितच झाला, इतकी हलकी. चहा नाही, बिस्किटं नाहीत. घरी येऊन त्यांनी ती उघडली, तर कपड्यांच्या घडीत, मी शिकवलं होतं तसं झोपवलेलं, लाकडी मुठीचं एक गंजलेलं खुरपं होतं. वडिलांचं.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी ओक त्यांच्या अंगणात, जमिनीत गेला. खड्डा माझ्या नवऱ्याने मोठ्या फावड्याने खणला आणि साहेबकाका शेजारी गुडघ्यांवर बसून खुरप्याने चमचा चमचा माती काढत राहिले. त्यांना थांबवायची आमची कुणाची छाती झाली नाही. झाड कुंडीतून निघेना, शेवटी हातोडीने कुंडी फोडावी लागली. पाणी घालून ते उभे राहिले, मातीने माखलेले हात विजारीला पुसले आणि म्हणाले, "बरं दिसतंय." पंधरा दिवसांनी कमिटीचं पत्र आलं की झाड पायवाटेला नियमापेक्षा तीन फूट जवळ आहे. त्यांना जो आनंद झाला तो मी सांगू शकत नाही. त्यांनी त्याच दिवशी उत्तर टाकलं.

आता भिंतींवर तसबिरी आहेत. यंदाच्या नाताळात ते दहा दिवस बहिणीच्या फ्लॅटवर जाऊन आले, जाण्यायेण्याचं तिकीट काढून. जानेवारी उजाडला, कुंपणापाशी आले, "दमट आहे," म्हणाले आणि गेले. ते वाक्य काही म्हणाले नाहीत. मला ते इतकं ऐकायचं होतं हे मला माहीत नव्हतं. ते निघालेले असले की आपणही निघालेलेच आहोत, असं काहीतरी मी मनात धरलं होतं बहुतेक.

परवा थंडीचा इशारा आला. दर हिवाळ्याप्रमाणे माझ्या कढीपत्त्याची कुंडी गॅरेजात न्यायला साहेबकाका आले. तेरा वर्षांचं झाड आहे, माझ्या उंचीचं झालंय. त्यांनी एकदा पानांकडे पाहिलं, एकदा कुंडीकडे.

"ह्याच्यासाठी मागच्या अंगणात एक ऊबदार कोपरा आहे," ते म्हणाले. "भिंतीलगत. जमिनीत लावलंत तरी तग धरेल."

"कशाला उगीच?" मी म्हटलं. "ईशा कॉलेजला गेली, की आम्ही पुढच्या वर्षी परतच..."

साहेबकाका हसले नाहीत. "अर्थात, अर्थात," असं अगदी मनापासून म्हणाले, वर "सॉरी" म्हणाले, आणि वाकून कुंडीची चाकं नीट फिरतात की नाही ते बघायला लागले.