मी तिला ओळखत नाही म्हणाले

मागच्या वर्षी आमच्या घरात एक वाक्य तोंडात अगदी बसून गेलं होतं. दादा बेंगळुरूला असतो. आई मामाला हेच सांगायची, मी ऑफिसात हेच सांगायचे. शेजारच्या काकूंनी तिकडे थंडी कशी आहे असं विचारलं, की आई आत जाऊन फोनवर बेंगळुरूचं हवामान बघायची आणि बाहेर येऊन आकड्यासकट उत्तर द्यायची. बाबा गेल्यापासून घरात आम्ही तिघंच, त्यामुळे खोटं बोलायला आणि ते सांभाळायला आम्ही दोघीच होतो. दादा बेंगळुरूला नव्हता. तो आमच्या घरापासून आठ किलोमीटरवर, येरवड्याच्या तुरुंगात होता.

मित्राच्या सोसायटीत गाडी लावण्यावरून वाद झाला आणि माझ्या अबोल भावाने हातातलं हेल्मेट एका माणसाच्या डोक्यात मारलं. तो माणूस वाचला, पण महिनाभर रुग्णालयात होता. दादाने मारलं हे खरं आहे, आणि ते मी इथे झाकणार नाही. जामीन दोनदा नाकारला गेला होता. आईने रोजची पूजा चालू ठेवली, पण आरती म्हणताना तिचा आवाज दाराबाहेर जाणार नाही इतका बारीक झाला. माझं तर त्याहून वाईट होतं. मी इंग्रजी शाळेत शिकले. देवाला मनात काही सांगायचं झालं तरी ते आधी इंग्रजीत येतं आणि मग मी घाईघाईने त्याचं मराठी करते, जसं काही त्याला भाषांतर लागतं. त्या दिवसांत दोन्ही भाषांत काही येईना. देव आहे की नाही हा प्रश्न पडायच्याही आधी, असल्या घरातून त्याच्यासमोर जायची लाज वाटायची.

दर गुरुवारी सकाळी मी दादाला भेटायला जायचे. आई येत नसे. तो घरी आला की बघेन, एवढंच म्हणायची. पुण्यात स्कूटरवरच्या मुली तोंडाला स्कार्फ गुंडाळतात, त्याकडे कोणी वळून बघत नाही. मी मात्र गाडी लावल्यावरही तो सोडायचे नाही. खिडकीवर आधार कार्ड दाखवण्यापुरता खाली घ्यायचे आणि लगेच पुन्हा वर. तिथे बाकावर बसलेल्या बायकांना एकमेकींची सगळी माहिती असायची. मी टोकाला बसून फोनमध्ये बघत राहायचे.

तिसऱ्या की चौथ्या गुरुवारी एक पन्नाशीची बाई माझ्यासमोर भेटीचा कोरा अर्ज धरून उभी राहिली. "ताई, तुम्हाला लिवाय येतंय ना? लिहा की माझं." मी लिहून दिला. माझं मराठी अक्षर शाळकरी आहे, तरी तिने ते कौतुकाने बघितलं. अर्जामुळेच मला तिचं नाव कळलं, मंदा. लोणी काळभोरहून ती दोन बस बदलून यायची. तिचा नवरा चार वर्षं निकालाची वाट बघत आत होता. माझा अर्ज शेजारीच होता. तिला आकडे वाचता येत होते. दोन्ही कागदांवर बराकीचा आकडा एकच आहे हे तिच्या लक्षात आलं, आणि आपल्या गावचंच कोणी भेटावं तसा तिला आनंद झाला. मला तो आनंद परवडणारा नव्हता. तरी पुढच्या गुरुवारपासून तिचा अर्ज मीच लिहायचा हे आपोआप ठरलं. मी तिला मंदामावशी म्हणू लागले. कोणती पिशवी आत नेऊ देत नाहीत, काचेपलीकडे फोनवर बोलताना कुठल्या बाजूला नीट ऐकू येतं, हे सगळं मला तिनेच सांगितलं. माणसाने काय केलं म्हणून तो आत आहे, हे त्या बाकावर कोणी कोणाला विचारत नाही. तिनेही मला कधी विचारलं नाही.

मग तो मंगळवार आला. ऑफिसातल्या ऋचाचं लग्न ठरलं होतं, म्हणून आम्ही चौघी दुपारी बुधवार पेठेतल्या गणपतीला पेढे ठेवायला निघालो. वाटेत कामाच्या रगाड्याचा विषय निघाला, तेव्हा ऋचा म्हणाली, असंच चालू राहिलं तर आपल्या सगळ्यांना येरवड्याला भरती करावं लागेल. पुण्यात हा विनोद मनोरुग्णालयाबद्दल करतात. सगळ्या हसल्या. सगळ्यात मोठ्याने मी हसले.

दर्शनाच्या रांगेत आमच्या चार-पाच माणसं पुढे मंदामावशी उभी होती. हातात नारळ आणि दूर्वांची जुडी. तिने मागे वळून बघितलं आणि तिचा चेहरा एकदम उजळला. "अवो ताई, तुम्ही बी आलात व्हय? दादा बरा हाय ना?"

ऋचाने माझ्याकडे बघितलं. कोण गं या, असं तिने विचारलंही. विचार करायला वेळ मिळाला नाही असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत होते. ते खरं नाही, वेळ मिळाला होता. शाळेत शिकवलेल्या त्या स्वच्छ, सभ्य आवाजात मी म्हणाले, "तुमचा काहीतरी गैरसमज होतोय. मी तुम्हाला ओळखत नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. मग शेजारच्या तिघींकडे, त्यांच्या गळ्यातल्या ऑफिसच्या ओळखपत्रांकडे. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. ती हसली आणि तिने कपाळावर हात मारून घेतला. "व्हय की, चुकलंच माझं. आमच्या शाळंतल्या मास्तरीणबाई अगदी तुमच्यावाणी दिसत्यात. त्यांचा भाऊ आजारी हाय, म्हणून इचारलं." माझ्यावर संशय नको म्हणून एवढं खोटं तिने गणपतीच्या दारात, हातात नारळ घेऊन, माझ्यासाठी रचलं. मग काहीतरी विसरल्यासारखं करून ती रांगेतून बाहेर पडली आणि पार मागे, शेवटी जाऊन उभी राहिली. दोन बस बदलून आलेली, अर्धा तास उभी असलेली बाई. तिच्याजवळ उभं राहावं लागून मला अवघडायला नको, म्हणून तिने आपली जागा सोडली होती. ऋचा म्हणाली, बघ, तुझं तोंडच मास्तरणीचं आहे. पुन्हा सगळ्या हसल्या.

मी दादाच्या जामिनासाठी मागणं मागायचं ठरवून आले होते. मूर्तीसमोर हात जोडले, पण काही सुचलं नाही. मागे वळून रांगेच्या शेवटाकडे बघायचंही धाडस झालं नाही.

त्या गुरुवारी मी दादाला भेटायला गेले नाही. आईला सांगितलं, ऑफिसात काम आहे. काम नव्हतं. मंदामावशीला तोंड कसं दाखवू, एवढंच कारण होतं. त्याच्या आदल्या भेटीत दादा फार खचलेला दिसला होता. आली नाहीस तरी चालेल, असं तो खाली बघत म्हणाला होता, आणि त्याच्या आवाजाने मी घाबरले होते. तरीसुद्धा गेले नाही. सकाळभर घराजवळच्या एका कॅफेत बसून राहिले. हे तेव्हा मी कोणाला सांगितलं नाही.

पुढच्या गुरुवारी मुद्दाम उशिरा गेले. तोवर ती भेट उरकून गेली असेल असा हिशेब होता. ती बाकावर कोरा अर्ज घेऊन बसली होती. "आलात? लिहा आता. मागल्या खेपेला एका पोरीनं लिवलं तर तिनं मालकांचं नावच चुकवलं. दोनदा माघारी धाडलं मला खिडकीवरनं."

मी मंगळवारचं बोलायला सुरुवात केली. तिने मला थांबवलं आणि आधी लिहा म्हणाली. लिहून झाल्यावर मी पुन्हा तोंड उघडलं, तेव्हा ती पदराने वारा घेत म्हणाली, "अवो, त्यात काय एवढं? पहिल्या वर्षी म्या माह्यारी सांगितलं हुतं, मालक दुबईला गेल्यात म्हणून. मग काय, समदी खजूर मागाया लागली. मंडईतनं दोन किलो खजूर घेतला आन् घरोघर वाटला. भावजय म्हणाली, दुबईचा खजूर लई ग्वाड असतुया."

शेजारच्या बायका हसल्या. मीही हसले आणि हसताना रडायला आलं, तेव्हा तिने फक्त तिची पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली. तेवढ्यात तिचं नाव पुकारलं. ती आत गेली, परत आली, आणि बस चुकेल म्हणून लगबगीने निघूनही गेली. नंतर माझं नाव आलं.

काचेपलीकडे दादाचा चेहरा जरा भरल्यासारखा वाटला. मी मागच्या आठवड्याबद्दल काही बोलायच्या आत तोच सांगू लागला. त्या गुरुवारी त्याचं नाव पुकारलं गेलं नाही, तेव्हा आता आपलं कोणी राहिलं नाही असं त्याच्या मनाने घेतलं. दुपारी त्याने ताट घेतलं नाही, रात्रीही नाही. मग बराकीतले एक काका आपलं ताट घेऊन त्याच्यासमोर येऊन बसले आणि म्हणाले, "तुझ्या घरनं निरोप हाय. भन कामात अडकलीया, पुढल्या गुरुवारी नक्की येनार हाय. तवर तू जेवायचं." तेव्हापासून ते रोज त्याच्यासमोर बसून त्याला जेवायला लावत होते.

दादाने विचारलं, "तूच पाठवला होतास ना निरोप?"

हो म्हणणं किती सोपं होतं. पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर रांग सोडून मागे जाणारी ती पाठ आली. "नाही रे," मी म्हणाले. "मी नाही पाठवला. मला लाज वाटली म्हणून मी आले नाही." मग मी त्याला सगळं सांगितलं, मंगळवारचंही, आणि ते काका म्हणजे मंदामावशीचे मालक असणार हेही. त्याने सगळं ऐकून घेतलं. वेळ संपत आल्यावर म्हणाला, "त्या मावशींना सांग, मी जेवतो."

ज्या बाईला मी ओळख दाखवली नाही, तिने दोन दिवसांनी आपल्या मोजक्या मिनिटांतली काही मिनिटं माझ्या भावासाठी खर्च केली होती. मी पुन्हा येईन की नाही, हे तिला कुठे माहीत होतं? माझं मलाही माहीत नव्हतं. तरी माझ्या वतीने तिने शब्द देऊन टाकला होता.

त्या संध्याकाळी मी आईजवळ सगळं बोलले. आई उठली. देवापुढचं निरांजन वाढवून स्वयंपाकघरात गेली. बुधवारी रात्री मात्र तिने मला विचारलं, उद्या किती वाजता निघायचं.

तिथे बाकापाशी आई पर्स छातीशी धरून उभी होती, जशी मी पहिल्या दिवशी उभी होते. मंदामावशी फाटकातून आत आली. आम्हाला बघून तिचं पाऊल अडखळलं, आणि अनोळखी असल्यासारखी ती दुसऱ्या बाजूला वळू लागली. माझ्यासोबत माझं माणूस आहे हे बघून ती पुन्हा मला वाचवत होती. मी पुढे जाऊन तिचा हात धरला. "आई, या मंदामावशी," मी म्हणाले. "मी यांना ओळखते." गरजेपेक्षा बरंच मोठ्याने म्हणाले असणार, कारण दोन-चार बायकांनी वळून बघितलं. आईने हात जोडले. "आपले फार उपकार आहेत," असं काहीतरी पुणेरी शुद्ध बोलायला गेली आणि वाक्य अर्धंच सोडून तिने मावशीचा दुसरा हात धरला. मंदामावशी इतकी गडबडली, की अर्ज हातातून खाली पडला.

दादाचा जामीन अजून झालेला नाही. ऑफिसात मी अजून एकट्या ऋचालाच खरं सांगितलं आहे. बाकीच्यांना सांगायचं धैर्य येईल तेव्हा येईल. हा चमत्कार होता का, हे मला ठरवता येत नाही. त्या मंगळवारी मी देवापुढे रिकामी उभी राहिले होते, काही मागितलं नव्हतं, आणि मागायची लायकीही उरलेली नव्हती. तरी जे हवं होतं ते येऊन पोचलं, आणि ते जिच्याकडून आलं तिलाच मी नाकारलं होतं. आता मी हात जोडते तेव्हा काय द्यावं, कधी द्यावं, कोणाच्या हातून द्यावं, हे त्याला सुचवत बसत नाही. लाज अजून जात नाही, आणि ती जावी असंही वाटत नाही. मावशीने माझ्या नावाने एक शब्द दिला होता. तो खरा करायला मी दर गुरुवारी जाते.