डोमाजी बाहेरून दहावीला बसतो

आर्वीच्या एका ज्युनियर कॉलेजात डोमाजी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होता. लागला तेव्हा मिसरूड फुटत होतं. अठ्ठ्याण्णव साल आलं तोवर कानशिलं पांढरी झाली. कपाटातल्या दोनशे बाटल्या त्याला डोळे मिटून सांगता यायच्या. मोरचूद दुसऱ्या फळीवर, हिराकस तिच्या खाली, नवसागर दाराजवळ. पोरं इंग्रजी नाव घेऊन मागत, हा रंग आठवून बाटली काढून देई, आणि एकदाही चुकला नव्हता. याचा त्याला भारी गर्व. असावा बापा, पण गर्वाला कोणी मार्क देत नाही ना!

झालं असं, की प्रयोगशाळा सहायक निवृत्त व्हायला आले आणि ती जागा डोमाजीला द्यायचं संस्थेनं कबूल केलं. अट एकच: पुढच्या जूनपर्यंत दहावी पासचा कागद आणायचा. नाहीतर बाहेरचा माणूस येणार, आणि डोमाजीनं आपल्याच कपाटाच्या किल्ल्या त्याच्या हाती देऊन मुकाट्यानं काचेच्या नळ्या धुवायच्या.

आता बाहेरून दहावीला बसणं काही पाप नव्हे. पण ऐंशी साली डोमाजीचं लग्न जुळलं, तेव्हा मुलगा दहावी पास आहे असं छातीठोक सांगून वडनेरची मुलगी केली होती. मुलगा विज्ञानात गडगडलाय, हे सोयरिकीच्या बैठकीत कोण सांगतो? त्यात मुलगी, म्हणजे अनुसयाबाई, स्वतः दहावी पास! अठरा वर्षं हा गडी शिकलेल्या बायकोला दबून होता. तिच्यासमोर पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचायचा, लाईटचं बिल आलं की चष्मा लावून उगाच मान डोलवायचा. तिच्यापुढं दहावीचं पुस्तक उघडणं म्हणजे आपल्या हातानं नाक कापून घेणं. म्हणून घरी सांगितलं, साठा तपासणी आहे, संध्याकाळी उशीर होईल. आणि रसायनाचे वासुदेवराव सर कॉलेज सुटल्यावर त्याला प्रयोगशाळेत शिकवू लागले.

पहिल्याच दिवशी सरांनी सूत्रं देऊन नावं लिहायला सांगितली. CuSO4 पुढे डोमाजीनं लिहिलं, मोरचूद. FeSO4 पुढे हिराकस. NH4Cl म्हणजे नवसागर, NaHCO3 म्हणजे खायचा सोडा. सर कागद धरून हसू दाबत बसले. एकही उत्तर खोटं नव्हतं आणि एकालाही मार्क नव्हता. हे वाण्याला कळेल, बोर्डाला नाही, असं म्हणून त्यांनी रीत सांगितली. आधी धातूचं नाव, जसंच्या तसं. मग जोडीदाराचं. तो एकटा असला तर त्याच्या नावाची शेपटी बदलते, क्लोरीनचं क्लोराईड होतं. सल्फेटसारखं गाठोडं असलं तर त्या गाठोड्याचंच नाव घ्यायचं.

हे डोमाजीला पटलं. पण Na2SO4 आलं आणि त्यानं ऐटीत डायसोडियम सल्फेट लिहिलं. सरांनी 'डाय' खोडला. दोन सोडियम डोळ्यांना धडधडीत दिसत असताना सांगायचे का नाहीत, यावरून हा अर्धा तास भांडला. सल्फेटचा भार दोन, सोडियमचा एकच, म्हणून दोन सोडियम लागतातच, हे सरांनी तीनदा सांगितलं. शेवटी म्हणाले, "डोमाजी, चप्पल घेतली तर दोन पायांच्या दोन घेतल्या म्हणून सांगता का गावाले?" तेव्हा कुठं गाडी पुढं सरकली.

खरा छळ मांडला तो लोखंडानं. सोडियम बिचारं एका शब्दावर राहतं, हे कधी दोन भाराचं तर कधी तीन. FeCl2 मध्ये क्लोरीन दोन, म्हणून लोखंड दोनचं, फेरस. FeCl3 मध्ये तीनचं, फेरिक. बाटल्या समोर ठेवल्या तर डोमाजीनं दुरून ओळखल्या असत्या, पण कागदावर दर वेळी उलटं. जेवतानाही ओठ हलायचे. अनुसयाबाईनं भाजी वाढता वाढता विचारलं, काय पुटपुटता? साठ्याची यादी, म्हणाला. तिनं ताटात आणखी एक पोळी टाकली.

मार्च आला. केंद्र पुलगावला मिळालं. घरी नवी थाप: बोर्डाच्या परीक्षेची ड्युटी लागली. अनुसयाबाई रोज डबा देत होती आणि हा साहेबासारखा निघत होता. विज्ञानाच्या दिवशी आर्वीच्या स्टँडवर एसटीत बसला, तर खिडकीखाली अनुसयाबाई धापा टाकत उभी. हातात त्याचं हॉल तिकीट, फोटोसकट.

"हे घरीच राह्यलं तुमचं."

डोमाजीचं तोंड पांढरं फटक पडलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. कसंबसं विचारलं, "तुले कवापासून मालूम आहे?"

"लग्न झालं त्याच साली. पेटीच्या तळाशी तुमचा नापासाचा कागद होता."

"मंग बोलली काऊन नाई?"

अनुसयाबाईनं पदरानं घाम पुसला.

"कोन्या तोंडानं बोलू? माह्या बाबानंबी तुमाले खोटंच सांगितलं. मीबी विज्ञानातच नापास झालती."

घ्या! अठरा वर्षं दोन नापास माणसं एका घरात आपापलं नापासपण एकमेकांपासून लपवत राहिली होती. डोमाजीला हसूही आलं आणि रडूही. इतक्या वर्षांची ती एकटी भीती, तिच्याही वाट्याला तेवढीच होती. तेवढ्यात कंडक्टरनं घंटी दिली.

"पास होऊन येजा," ती खालून म्हणाली. "मंग मले शिकवजा."

पेपरात FeCl3 आलं. डोमाजीनं फेरस लिहिलं, खोडलं, फेरिक लिहिलं. जूनमध्ये निकाल लागला. विज्ञानात काठावर, पण पास. किल्ल्या त्याच्याकडेच राहिल्या. पुढच्या मार्चला अनुसयाबाई परीक्षेला बसली, आणि डोमाजी रजा काढून तिचा डबा घेऊन केंद्राबाहेर लिंबाखाली बसून राहिला.

आता घरी कोणी पाहुणा आला, की चहा यायच्या आधीच तो सांगतो, की मी चाळिशीत दहावी झालो, आणि ही माझ्याच हाताखाली शिकून विज्ञानात माझ्यापेक्षा सतरा मार्क जास्त घेऊन बसली आहे.